रंगरावाचं बाळंतपण

माशांचं लग्न जमवणं माणसांचं जमवण्यापेक्षा सोपं, कारण मासे उलट उत्तर देत नाहीत, अशी माझी समजूत होती. ती आता राहिलेली नाही. मासे उलट उत्तर देतात. शेपटीने देतात, आणि ते थेट चष्म्यावर येतं.

मी शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो होतो ते फक्त टाकीत लावायला एखादं हिरवं रोपटं आणायला. दिवाणखान्यात आमच्या हिची एक काचेची टाकी होती आणि तिच्यात पिटुकल्या चमचमत्या माशांचा एक घोळका होता. त्या माशांचं काम एवढंच की पाहुण्यांशी बोलणं संपलं की सगळ्यांनी तिकडे बघायचं. पण दुकानदाराने मला कोपऱ्यातल्या एका टाकीसमोर उभं केलं आणि आवाज उतरवला, जणू काही आतल्यांना ऐकू जाईल.

"साहेब, हे बघा. बुटके पाइक सिक्लिड. यांचे मोठे भाऊबंद हातभर होतात, हे बोटाएवढेच राहतात. आणि जोडी आहे."

"जोडी कशावरून?"

"एका पिशवीत घालून बघितली. लगेच भांडायला लागली."

मी इतकी वर्षं संसार केलेला माणूस. हा पुरावा मला नाकारता येईना.

"यांना पिल्लं होतात का हो?"

"होतात म्हणजे! पाणी तेवढं चांगलं ठेवायचं, बाकी त्यांचं ते बघून घेतात." मग जरा थांबून, कान खाजवत तो म्हणाला, "आपल्या एकाही गिऱ्हाइकाकडे मात्र अजून झाली नाहीत."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. मला आयुष्यात कुणी आव्हान म्हणून दिलेलं नव्हतं. ऑफिसात द्यायचे ते मेमो. मी ती पिशवी छातीशी धरून घरी निघालो आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला, न विचारता, सांगत सुटलो की जे या गावात कुणाला जमलं नाही ते आता आपल्या इमारतीत होणार आहे. लिफ्ट तळमजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत येईतो माझी इज्जत त्या पिशवीत जाऊन बसली होती. नंतर तिला बाहेर काढायला जागाच राहिली नाही.

आता त्या दोघांचं वर्णन. दोघंही भाल्याच्या पात्यासारखे निमुळते, तोंड पुढे आलेलं, डोळे असे की समोरच्याने हिशोब चुकवलाय हे त्यांना आधीच कळलेलं असावं. त्यातला एक देखणा होता. पोट गुलाबी-लाल, पाठीवरच्या पंखावर पांढऱ्या कडेचा काळा टिळा, आणि चालणं असं की टाकी त्याने खरेदी केली आहे आणि आम्ही भाड्याने राहतो. त्याचं नाव मी रंगराव ठेवलं. दुसरी करड्या रंगाची, बेताची, कायम टाकीतल्या हीटरच्या मागे. तिचं नाव हिने ठेवलं, बापुडी.

पहिल्या आठवड्यातच ही टाकीसमोर उभी राहिली. "अहो, माझे छोटे मासे कमी दिसतायत."

"लपले असतील."

"कुठे?"

मी सगळीकडे बघितलं. फक्त रंगरावाच्या पोटाकडे बघितलं नाही. पुढे ते छोटे मासे पूर्णपणे लपले आणि तो विषय घरात निघेनासा झाला. एखादा विषय घरात निघत नाही म्हणजे तो जेवणात निघतो, एवढं विवाहित वाचकांना सांगायला नको.

खरा त्रास सुरू झाला तो रंगरावाच्या वागण्याने. दिवसातून कितीतरी वेळा तो बापुडीसमोर जायचा, अंग धनुष्यासारखं वाकवायचा, ते लाल पोट तिच्या नाकासमोर धरायचा आणि नखशिखांत थरथरायचा. माशाला नख नसतं हे मला माहीत आहे, पण तो थरथरायचा तसाच. मला त्यात आखाड्यात दंड थोपटणारा पैलवान दिसायचा. हिला वेगळंच दिसलं.

"बघा, कसा अंगावर जातो तिच्या. नुसता आपला तोरा. ती बिचारी मान वर करत नाही."

"अगं, तो तिला पटवतोय."

"असं पटवतात? तुम्हा लोकांना वाटतं छाती काढून समोर उभं राहिलं की झालं."

मी लग्नाआधी छाती काढून कुठेही उभा राहिलो नव्हतो. माझ्याकडे काढण्यासारखी छातीच नव्हती. पण रंगराव थरथरला की त्या दिवशी माझ्या भाजीत मीठ नसायचं. समस्त पुरुषजातीच्या वतीने मी ती भाजी खात होतो. रंगराव मात्र जिवंत अळ्या मागायचा.

याच सुमाराला शेजारचे इंजिनीअर या प्रकरणात शिरले. त्यांची उभी हयात पूल बांधण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर बांधायला काही उरलं नाही म्हणून ते आमच्या दिवाणखान्यात येऊन बसायचे. टाकीकडे बघून ते म्हणाले, "वहिनी, यावर उपाय पार्टिशन. दोघांनी एकमेकांना बघायचं, पण गाठायचं नाही. ओळख वाढते."

"भाऊजी, करा काहीतरी. मला बघवत नाही ते."

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी भोकं पाडलेली काच आणून टाकीच्या मधोमध बसवली. वाऱ्याचा दाब, पाण्याचा दाब, भूकंप, सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. रंगरावाचा केला नव्हता. रंगराव दिवसभर त्या काचेला नाक लावून उभा राहिला, वाकला, थरथरला, आणि एका सकाळी आम्ही उठून बघतो तो पलीकडे. पार्टिशनवरून उडी मारून गेला होता! बोटाएवढा जीव, उभ्या काचेवरून, तेही धावायला जागा नसताना. मी मनातल्या मनात त्याला मुजरा केला. माझ्या ऑफिसात पार्टिशनपलीकडे एक बाई बसायच्या, त्यांना पेन मागायला मला वर्ष लागलं होतं.

भाऊजी उंची पुन्हा मोजू लागले. हिने टाकीवर भाजी चिरायची फळी ठेवली आणि तो विषय मिटवला.

मग पाणी. भाऊजींनी कुठून कुठून वाचून काढलं की या माशांना मऊ, आंबटसर, वाळक्या पानांनी रंगलेलं पाणी लागतं. झालं. आम्ही दोघं सभ्य गृहस्थ रोज फिरायला जायचो आणि बागेतली वाळकी पानं खिशात भरून आणायचो. बागेच्या माळ्याने आमच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. फुलं चोरणारे त्याने पाहिले होते, कचरा चोरणारे आम्हीच. धुवायला टाकलेल्या पॅन्टच्या खिशात ही हात घालायची आणि मूठभर पाचोळा बाहेर काढून, एकही शब्द न बोलता, माझ्या उशीवर ठेवायची. टाकीतलं पाणी मात्र झकास झालं. थेट चहाच्या रंगाचं.

आणि नेमक्या त्याच वेळी बाई आल्या.

बाई म्हणजे आमच्या इमारतीच्या कमिटीच्या सेक्रेटरी. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ते शाळेपुरतंच. इमारतीत त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या जिन्यात दिसल्या की मोठमोठे बँक मॅनेजर शर्टाची वरची गुंडी लावतात. मीटिंगच्या कागदावर सही घ्यायला त्या आल्या होत्या. उभ्या उभ्याच टाकीकडे बघितलं.

"हे पाणी कधी बदललं?"

"बाई, ते असंच असतं. त्यांच्या नदीत पानं पडतात, त्यामुळे..."

"नदीत पडत असतील. तुमच्या दिवाणखान्यात झाड कुठाय?"

मी सही केली. चुकीच्या जागी केली. बाईंनी ती खोडायला लावून पुन्हा करायला लावली.

इथपर्यंत निभावलं असतं. पण पिल्लं हवी असतील तर मासे खाऊन पिऊन टणटणीत हवेत, आणि या जातीला आवडतं हलणारं खाणं. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळ्यात उत्तम म्हणजे डासांच्या अळ्या. एक बादली पाणी उघड्यावर ठेवा, निसर्ग बाकीचं करतो." मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, एक बादली ठेवली. निसर्गाने खरोखरच बाकीचं केलं. अशा काही लवलवत्या अळ्या झाल्या म्हणता! रोज सकाळी मी चहाची गाळणी घेऊन गच्चीवर जायचो. (ती गाळणी पुढे घरात परत वापरली गेली की नाही हे मी हिला सांगितलेलं नाही, आणि आता ही गोष्ट छापली गेली तर कळेलच.)

यात अडचण एकच होती. इमारतीच्या स्वच्छता उपसमितीचा अध्यक्ष मी होतो. 'साठलेल्या पाण्यात डास होतात. रहिवाशांनी दक्षता घ्यावी' हा लिफ्टमधला फलक माझ्याच हस्ताक्षरात आणि माझ्याच सहीने लागला होता. दोन वेळा अधोरेखित केलेला.

एका सकाळी गाळणीतून अळ्या निथळत असताना मागून आवाज आला.

"कोणाची बादली?"

मी वळलो. माझ्या हातात गाळणी. बाईंच्या हातात चष्मा.

"बाई, मी... पाहणी करतोय. तक्रार आली होती."

"कोणाची?"

"माझीच."

"मग उपसमितीने काय कारवाई केली?"

उपसमितीने बादली तिथेच ओतली. अळ्यांचा एक अख्खा पिढीजात वंश गच्चीच्या पन्हळीतून खाली गेला, आणि माझं अध्यक्षपद पाठोपाठ.

कमिटीची खास बैठक भरली. तिथे बाईंनी इमारतीची नियमावली काढली, आणि आजवर कोणी न वाचलेला एक नियम वाचून दाखवला. प्रत्येक घरी पाळीव प्राणी जास्तीत जास्त दोन. मांजरांसाठी केलेला नियम होता, पण त्यात मांजर हा शब्दच नव्हता.

"तुमच्याकडे किती?"

"दोन, बाई."

"दोनच राहतील?"

आता सांगा, ज्या माणसाने लिफ्टमध्ये उभं राहून पिल्लांचा डंका पिटला, त्याने काय उत्तर द्यायचं? मी खाली बघत "हो" म्हटलं. मागून कोणीतरी खोकलं. खोकला ओळखीचा वाटला, लिफ्टमधलाच असावा.

"लिहून द्या. तिसरा जीव दिसला तर टाकी इमारतीबाहेर. त्यातल्या दोघांसकट."

मी लिहून दिलं. शुद्धलेखनाच्या चुका बाईंनी तिथेच दुरुस्त केल्या.

माणूस इथे थांबतो. मीही थांबणारच होतो. घरी आलो, आता ओळख वाढवायची गरज उरली नाही म्हणून पार्टिशन काढून ठेवलं आणि ठरवलं की आता दोघांनी बहीण-भावासारखं राहायचं. गाळ काढायला म्हणून मी माझा मग घेतला. हा मग साधा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने मला दिलेला, चिनी मातीचा, 'प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक' असं सोनेरी अक्षरात लिहिलेला. त्या खाली नाव होतं ते माझ्या पुढच्या टेबलवाल्याचं, पण भावना पोचल्या होत्या. पाणी उपसता उपसता तो हातातून निसटला आणि टाकीच्या तळाशी आडवा जाऊन पडला. मी काढायला हात घातला तर रंगराव आला आणि करकचून चावला. फार लागलं नाही. पण माझ्या प्रदीर्घ सेवेच्या एकमेव स्मारकाजवळ मलाच येऊ देत नाही, हे लागलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघायला मी खुर्ची ओढून बसलो. या महाशयांसाठी मी काय काय आणलं होतं! मातीची कुंडी, दगडांची गुहा, एक प्लास्टिकचा किल्ला बुरुजांसकट. कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि आता रंगराव तोंडात वाळू भरत होता, मगाच्या तोंडाशी नेऊन टाकत होता, परत येत होता, पुन्हा भरत होता. ना गवंडी ना मजूर, ना मुकादमाची शिवीगाळ. होता होता मगाचं एवढं मोठं तोंड बुजलं, आणि अंग चोरून आत शिरता येईल एवढीच फट राहिली.

भाऊजी बघत बसले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "उतार बघितलात वाळूचा? एक कण घसरत नाही. माझ्या कंत्राटदारांना हे दाखवायला हवं होतं."

मग रंगराव आत गेला आणि बाहेर येईना. त्याआधी बापुडी आत जाऊन आली होती, पण ती नजर चुकवून, त्यामुळे कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. आता ती मगासमोर येरझाऱ्या घालू लागली. हीटर सोडला. जवळून माझी सावली गेली तरी अंगावर यायची.

ही गहिवरली. "बघा, बाईमाणसाचं मन. इतकं छळलं त्याने, पण आता रुसून बसलाय तर हीच दारात उभी."

"आजारी असेल का गं तो?"

"तोरा उतरला असेल."

मला राहवेना. मी हिचा पावडरच्या डबीतला आरसा एका काडीला बांधला, भाऊजींनी टॉर्च धरला, आणि ती आरशाची काडी आम्ही हळूच फटीसमोर नेली. मगाच्या छताला, 'कृतज्ञतापूर्वक' या शब्दाच्या बरोब्बर मागच्या बाजूला, बारीक बारीक देठांनी लोंबणारी पांढरी अंडी. ओळीने. आणि त्यांच्याखाली उताणा-पालथा होत, पंखांनी एकसारखा वारा घालत, रंगराव.

भाऊजी घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. या जातीत अंड्यांपाशी बसते ती आई, बाप बाहेर पहारा देतो. रंगराव बाळंत झालेत."

ही मटकन खुर्चीत बसली. माझ्या डोळ्यांपुढून ते सगळे महिने सरकत गेले. ते नटणं, ते पोट दाखवणं, ते थरथरणं, ते पार्टिशनवरून झेप घेणं. ती पैलवानी नव्हती. नवरीच नवऱ्याला पटवत होती! आणि ज्याला आम्ही काचेआड संरक्षण दिलं, ज्याच्या नावाने घरात उसासे टाकले, तो सोशिक जीव म्हणजे एक धडधाकट बाप्या होता, आणि तो हीटरमागे निव्वळ ऊब घेत बसला होता.

"म्हणजे मी इतके दिवस कोणाची बाजू घेत होते?" ही म्हणाली.

आम्ही तिघांनी बापुडीकडे बघितलं. त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

"ती बिचारी जिवाचं रान करतेय, नटतेय, थटतेय, भिंतीवरून उड्या मारतेय, आणि हा मेला हलतोय का जागचा! तरी म्हटलं, इतका गप्प प्राणी गरीब कसा असेल."

त्या दिवसापासून रंगरावाची रंगूताई झाली आणि बापुडीचे बापूराव. भाजीत मात्र फरक पडला नाही. आधी बायकोला छळणारा नवरा म्हणून तिच्यात मीठ नव्हतं, आता बायकोकडे लक्ष न देणारा नवरा म्हणून नव्हतं. माशांची अदलाबदल झाली. मी जिथल्या तिथे.

पण खरं सांगू? बापूरावांबद्दल माझं मत लवकरच बदललं. अंडी झाल्यापासून हा गृहस्थ जेवेना. दारासमोरची हद्द त्याने आखली आणि तिच्यात गोगलगायीलाही येऊ देईना. रंगूताई आत, बापूराव बाहेर. तिने पंख हलवायचे, याने गस्त घालायची. एकमेकांशी एक शब्द नाही, कोणी कोणाला कामं सांगत नाही, आणि तरी काही राहून जात नाही. आम्ही दोघं ते बघत बसायचो. एकदा ही उठली आणि माझ्या कपात न मागता चहा ओतला. मीही न सांगता कप विसळून ठेवला. भाऊजी म्हणाले, "काय झालं? भांडलात का?"

आता प्रश्न उरला बाईंचा. अंडी म्हणजे तिसरा जीव की नाही? मी दुकानदाराकडे धावलो.

"अंड्यांसकट तो मग काढून सगळं तुमच्याकडे आणता येईल का?"

"नावही काढू नका, साहेब. हलवलं की गेली. आईशिवाय मी तरी काय करू? निदान पोहायला लागून अंगाने जरा भरू देत." आणि मग हळूच, "खरंच झाली? मला बघायला येऊ द्याल?"

म्हणजे टाकी गेली तर पिल्लं गेली. एरवी माझी अब्रू गेली असती तर मला त्याची सवय होती. पण त्या मगातला तो वारा घालणारा जीव, ज्याला नियमावली ठाऊक नव्हती, त्याचं सगळं जाणार होतं, आणि तेही मी लिहून दिल्याप्रमाणे.

ही म्हणाली, "कोणी काही बोलायचं नाही. मगात आहेत तोवर दिसत नाहीत."

गुपित ठेवायचं ठरलं. गुपित भाऊजींच्या पोटात राहिलं ते आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत. त्यांचाही इलाज नव्हता. पूल बांधला की उद्घाटनाला लोक येतात. इथे तर सगळं गुपचूप. लिफ्टमध्ये कोणीतरी नुसतं "काय, कसं काय?" विचारलं आणि हे म्हणाले, "आनंद आहे. आमच्या घरात बाळंतपण झालं." भाऊजी एकटे राहतात. ही बातमी खालच्या मजल्यापर्यंत पोचेतो तिला फारच वेगळं वळण लागलं, आणि ते निस्तरण्यासाठी त्यांना माशांचं सगळं सांगावं लागलं. ऐकणाऱ्यांत बाई होत्या.

दारावर सूचना आली. रविवारी सकाळी पाहणी.

रविवारपर्यंत पिल्लं मगातच राहतील अशी आमची आशा होती. भाऊजींनी त्यांच्या पहिल्या जेवणाची तयारीसुद्धा केली होती. आमच्या स्वयंपाकघरात एक उलटी बाटली टांगून, तिच्यात मिठाचं पाणी आणि हवेचे बुडबुडे सोडून, ते डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळंबीचे जीव उबवत होते. ही दूध तापवायला जायची ती त्या बाटलीला वळसा घालून. आणि रविवारी सकाळी, बाई जिना चढायला लागल्या असतील नसतील, मगाच्या फटीतून रंगूताई बाहेर आल्या. त्यांच्यामागून धूर निघावा तशी पिल्लं. स्वल्पविरामाएवढी एकेक, सगळ्या टाकीभर!

"आत घाला त्यांना!" मी ओरडलो.

"कसं? हाताने?" ही म्हणाली. "चादर टाका टाकीवर!"

"वहिनी, चादर संशयास्पद दिसेल. टेबलक्लॉथ टाका," भाऊजी म्हणाले.

बेल वाजली.

बाई आत आल्या. हातात पेन, नाकावर चष्मा. सरळ टाकीकडे गेल्या आणि त्यांची सावली काचेवर पडली. मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात जे जे लिहून दिलं ते सगळं आठवलं.

"एक," बाई म्हणाल्या. "दोन."

पुढे काही नाही. मी एक डोळा उघडला. टाकीत रंगूताई होत्या, बापूराव होते, तळाशी वाळकी पानं होती, आणि बाकी नुसतं पाणी. एक पिल्लू नाही! मी हिच्याकडे बघितलं. ती टाकीकडे बघत होती, तोंडावर पदर धरून.

"बरं," बाई म्हणाल्या. पेनाचं टोपण काढलं. मग थांबल्या. पुन्हा वाकल्या. "इतकं शांत कसं आहे इथे?"

"मासेच आहेत, बाई. ते शांतच..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. मी शाळेत जन्म काढलाय. रिकामा वर्ग वेगळा असतो आणि गप्प बसलेला वर्ग वेगळा."

असं म्हणून त्या सावकाश मागे सरकल्या. सावली काचेवरून निघाली. रंगूताईंनी एवढा वेळ अंग ताठ धरलं होतं, ते सैल सोडलं. पाठीवरचा पंख अलगद खाली घेतला. आणि त्या चहाच्या रंगाच्या पानांवरून, पानांच्याच रंगाची, पानांनाच चिकटून बसलेली सगळी पिल्लं एकदम वर आली.

बाई एक पाऊल पुढे आल्या. रंगूताईंचा पंख उठला, नुसता टिचकीसारखा हलला. सगळी पिल्लं खाली. एकूण एक. हालचाल नाही.

बाई मागे. पिल्लं वर.

बाई पुढे. पिल्लं खाली.

या वेळी एक पिल्लू मात्र वरच राहिलं. गंमत बघत. बापूराव आले, त्यांनी ते सरळ तोंडात घेतलं. ही किंचाळली, "खाल्लं!" पण नाही. बापूरावांनी ते तसंच तोंडात धरून खाली नेलं आणि फू करून बाकीच्यांत नेऊन सोडलं.

"शेवटच्या बाकावरचं," बाई पुटपुटल्या. त्यांचा चष्मा काचेला टेकला होता.

मी म्हटलं आता लपवण्यात अर्थ नाही. "बाई, माझी चूक आहे. मी दोन लिहून दिलं होतं. पण आज टाकी हलवली तर ही जगायची नाहीत. शिक्षा मला द्या. त्यांना थोडं मोठं होऊ द्या, मग सगळी दुकानदाराकडे देतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "नियम काय आहे?"

"पाळीव प्राणी दोन."

"पाळीव म्हणजे?"

"आपण पाळतो ते."

"हे लहान तुम्ही पाळताय? तुमचं ऐकतात?"

मी टाकीकडे बघितलं. बोटावर अजून चावल्याची खूण होती. "नाही बाई. या टाकीत माझं कोणीच ऐकत नाही."

"खायला कोण घालतं?"

भाऊजींनी हात वर केला. बाईंनी नुसतं बघितलं, आणि तो खाली आला.

"तुम्ही आणलेत ते दोन. ते दोन तुम्ही पाळताय. ही मुलं त्या दोघांची, ती ते पाळतायत, आणि या इमारतीतल्या कुणाहीपेक्षा चांगली पाळतायत. कमिटीचा त्यात काही संबंध नाही. आई-बापांनी सोडली की मग प्रत्येकाला घर शोधायचं. नीट घर. मला येऊन सांगायचं, कुठे दिलं ते. समजलं?"

"समजलं, बाई," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो.

आता त्या जातील असं वाटलं. गेल्या नाहीत. आजवर आमच्या घरी कधी न बसलेल्या बाईंनी स्वतः खुर्ची ओढली, टाकीसमोर ठेवली आणि बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. रंगूताई पिल्लांना घेऊन काचेजवळून चालल्या होत्या आणि बापूराव मागून कोणी राहतंय का बघत होते.

"इतकी वर्षं," बाई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "घंटा वाजवली, पट्टी आपटली, ओरडले. हिने आवाजसुद्धा काढला नाही."

मी भाऊजींना हळूच म्हटलं, "बघितलंत? मी म्हटलं होतं, आपल्या इमारतीत..." भाऊजी म्हणाले, "पार्टिशनचाही वाटा आहे हो त्यात." ही मागून म्हणाली, "फळी नसती तर कुठे राहिलं असतं तुमचं पार्टिशन? बाई, चहा टाकू ना?"

बाईंनी नजर न काढता एक बोट ओठांवर ठेवलं.

टाकीतली सगळी पिल्लं चट्‌दिशी खाली बसली. ती रंगूताईंच्या पंखाने बसली की बाईंच्या बोटाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्ही तिघं मात्र बाईंच्याच बोटाने बसलो.